क्लासिकल गिटार: सोपं सगळं येतं, त्यापुढचं बसत नाही

सहातारी

नमस्कार. नायलॉन तारांची गिटार, नोटेशन वाचून वाजवते. आत्ता नेमकी कुठे आहे ते आधी लिहिते, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

गिटारवादक-संगीतकार सोरच्या ओपस ६० (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) मधले सुरुवातीचे आठ-नऊ धडे न अडखळता होतात. सी आणि जी मेजर स्केल पहिल्या पोझिशनमध्ये (पहिलं बोट पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या पट्टीवर), मेट्रोनोम ७२ वर, ठोक्याला दोन स्वर. मोकळ्या कॉर्डवर पी-आय-एम-ए (अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका) आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे सूर एकेक करून वाजवणं, बरा चालतो.

अडतं ते असं. स्पॅनिश रोमान्स या रचनेच्या मायनर भागात सातव्या फ्रेटवर बॅरे धरून (तर्जनी आडवी ठेवून अनेक तारा एकदम दाबून) करंगळी पहिल्या तारेवर अकराव्या फ्रेटला न्यायची आहे. तिथे पंजा आखडतो आणि सूर खरखरतो. पाचव्या फ्रेटच्या वरचं नोटेशन अजून मोजून मोजून वाचावं लागतं. शिवाय रेकॉर्डिंग ऐकलं की मेलडी कुठली आणि साथ कुठली तेच कळत नाही, सगळं एका पातळीवर.

रोज ४५ मिनिटं मिळतात. स्केलचा वेग वाढवू, बॅरे घोटू, की एखादी मोठी रचना धरून तिच्यावरच मेहनत करू? क्रम कसा असावा?

मंद्र

मोठी रचना आत्ता नको. दर दोन बारला (बार म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला खण) थांबावं लागेल अशी रचना महिनाभर वाजवली की ते थांबणंसुद्धा बोटांत पक्कं बसतं, आणि मग काढायला दुप्पट वेळ लागतो.

मी उजव्या हातापासून सुरुवात करेन, कारण या टप्प्यावर बहुतेकांचं लक्ष डाव्या हाताकडे असतं आणि आवाज मात्र उजव्यात अडकलेला असतो. पहिली गोष्ट प्लँटिंग, म्हणजे तार छेडण्याआधी बोट तिच्यावर टेकवून ठेवणं. सी कॉर्ड धरा. अंगठा पाचव्या तारेवर, तर्जनी तिसऱ्या, मधलं बोट दुसऱ्या, अनामिका पहिल्या तारेवर, चारही एकदम टेकवा. अंगठा वाजवा, बाकीची तीन जागेवरच. मग तर्जनी, बाकीची दोन जागेवर. याप्रमाणे पुढे. पी-आय-एम-ए-एम-आय असा परतीचा आर्पेजिओ असेल तर परतताना एकेकच बोट टेकवायचं: अनामिका वाजत असताना मधलं आपल्या तारेवर येतं, मधलं वाजताना तर्जनी. परतीच्या वाटेवर सगळी एकदम टेकवलीत तर वाजत असलेले सूर तुटतात.

सावकाश वाजवताना आवाज तुटक येईल. तो तसाच यायला हवा, घाबरू नका. आठ-दहा दिवसांनी टेकण्याचा वेळ कमी करत न्या, शेवटी टेकणं आणि छेडणं एकाच हालचालीत मिसळतं. यासाठी गिटारवादक जुलियानीच्या ओपस १ मधले उजव्या हाताचे १२० व्यायाम उत्तम आहेत. सगळे सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डवर आहेत, त्यामुळे डावा हात डोक्यातून काढून टाकता येतो. सगळे १२० करायची गरज नाही. आठवड्याला तीन घ्या, मेट्रोनोम ६० वर.

तारेला बोटाने वर उपटू नका. तार किंचित आत, साउंडबोर्डच्या (गिटारच्या पुढच्या लाकडी पानाच्या) दिशेने तिरकी दाबायची आणि सोडायची. बोटाची हालचाल मुळाच्या सांध्यातून होते आणि सुटल्यावर बोट तळव्याकडे जातं. टोकाच्या सांध्यातून उपटलेला सूर पातळ येतो आणि फ्रेटवर आपटून टणत्कारतो.

स्केलचा वेग ७२ वर अडला असेल तर कारण बहुधा तार बदलतानाचं आहे, बोटांच्या ताकदीचा त्यात फारसा भाग नाही. आपल्या पंजात मधलं बोट तर्जनीपेक्षा पहिल्या तारेच्या बाजूला असतं. म्हणून दुसऱ्या तारेवर शेवटचा सूर तर्जनीने आणि पहिल्या तारेवर पुढचा मधल्या बोटाने आला की हात सुखात असतो. उलट आलं की अडतो. एका तारेवर तीन सूर असलेल्या स्केलमध्ये आय-एम-आय, मग एम-आय-एम असं होतं, म्हणजे एक बदल सोपा, पुढचा अवघड, परत सोपा. अवघड बदल शोधा, त्याच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन असे चारच सूर काढून फक्त तेवढे घोटा. एखाद्या ठिकाणी न कळत आय-आय होत असेल तर ते सावकाशीत पकडा, वेगात दिसत नाही.

वेगासाठी दर दिवशी मेट्रोनोम चार अंकांनी वर नेण्यापेक्षा झटके द्या: चार सूर सावकाश, लगेच पाच सूर दुप्पट वेगाने, परत चार सावकाश. पाचवा सूर ठोक्यावर पडला पाहिजे. लागोपाठ तीनदा स्वच्छ आलं की मगच आकडा हलवायचा.

खर्जप्रेमी

रोमान्सच्या त्या जागेबद्दल. आधी मोजमाप बघू. ६५० मिलीमीटर स्केलच्या (म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीच्या) गिटारवर नटपासून (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) चौथ्या फ्रेटपर्यंत १३४ मिलीमीटर आहेत. पाचव्या पोझिशनमध्ये तेवढेच चार फ्रेट साधारण १०६ मिलीमीटरमध्ये मावतात. सातव्या फ्रेटपासून अकराव्यापर्यंत अंतर ८९ मिलीमीटर. म्हणजे तुम्हाला अवघड वाटणारा ताण हा पहिल्या पोझिशनमधल्या रोजच्या पसाऱ्यापेक्षा लहान आहे. हात आखडतो तो अंगठ्यामुळे. बॅरे दाबायच्या नादात अंगठा तर्जनीच्या बरोबर मागे चिमटा घेऊन बसतो, मनगट मागे राहतं आणि करंगळीला पुढे जायला जागाच उरत नाही.

उलट बाजूने सुरुवात करा. करंगळी आधी अकराव्या फ्रेटला पहिल्या तारेवर ठेवा, बोट गोल, टोकावर. मग अंगठा आठव्या-नवव्या फ्रेटच्या मागे येऊ द्या, मनगट थोडं पुढे काढा, आणि शेवटी तर्जनी मागे सातव्यावर पसरवा. हाताचा आकार करंगळीच्या सोयीने ठरतो, बॅरे त्यात सामावून घ्यायचा.

आणखी एक. त्या ठिकाणी बॅरेने प्रत्यक्षात तीनच तारा दाबायच्या आहेत: सहावी (खर्जातला बी), दुसरी आणि पहिली. तिसरी तार आठव्या फ्रेटवर दुसऱ्या बोटाने धरलेली असते, चौथी-पाचवी वाजतच नाहीत. मग सगळं बोट काठीसारखं ताठ कशासाठी? मधला भाग सैल, किंचित कमानदार राहिला तरी चालतो. टोक आणि मूळ, दोनच ठिकाणी दाब. कुठलाही बॅरे आला की आधी नोटेशनवर बोट ठेवून बघायचं, कोणत्या तारा वाजणार आहेत. निम्म्या वेळा सहा तारांचं काम तीन तारांवर भागतं.

बॅरे तयार करायचा क्रम:

१. पाचव्या फ्रेटवर पहिल्या तीन तारा. बोट फ्रेटच्या तारेला लागून, अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलतं. चार ठोके दाब, चार ठोके सैल (बोट न उचलता). सहा वेळा. बस.
२. एकेक तार वाजवून ऐका. एखादी दबकी येत असेल तर बहुतेक वेळा बोटाच्या सांध्याची घडी नेमकी तिच्यावर पडलेली असते. जोर वाढवू नका, बोट दोन-तीन मिलीमीटर वर किंवा खाली सरकवा.
३. आठवड्याला एक तार वाढवा. सहा झाल्या की चौथ्या फ्रेटवर जा, मग तिसऱ्या. पहिला फ्रेट सगळ्यात शेवटी. नटजवळ तार कडक लागते, म्हणून पहिल्या फ्रेटवरच्या एफ कॉर्डने बॅरे शिकायला घेणं हा उगाच घेतलेला त्रास आहे.
४. अधूनमधून अंगठा पूर्ण सोडून बॅरे वाजवून बघा. गिटार उजव्या हाताने अंगाशी धरलेली, डाव्या हाताचं वजन कोपरातून मागे ओढणारं. तीन-चार सेकंद सूर येतो. तेवढा जोर खांद्याकडून मिळतो हे एकदा हाताला कळलं की चिमटा आपोआप कमी होतो.

अंगठ्याच्या बुडाशी थकवा आला की थांबा. दुखणं, मुंग्या किंवा बधिरपणा आला तर त्या दिवशी बॅरे बंदच. दुखण्यावर रेटून वाजवल्याने ताकद येत नाही, इजा होते.

बॅरेबरोबर स्लर घ्या, म्हणजे उजव्या हाताने परत न छेडता डाव्या बोटाने तारेवर आपटून (हॅमर-ऑन) किंवा तार ओढून सोडून (पुल-ऑफ) पुढचा सूर काढणं. बोटांच्या जोड्या (१ तर्जनी, ४ करंगळी) सहाच आहेत: १-२, २-३, ३-४, १-३, २-४, १-४. पाचव्या पोझिशनमध्ये, रोज चार मिनिटं. पुल-ऑफमध्ये बोट वर उचललं तर आवाज येत नाही, ते खालच्या बाजूला, तळव्याकडे ओढायचं असतं. आणि मागे राहिलेलं बोट पक्कं नसेल तर तार त्याच्यासकट सरकते, सूर चढल्यासारखा लागतो. हॅमर-ऑनला जोर नको, वेग हवा.

गिटारची तार फार उंच तर नाही ना, हेही एकदा तपासा. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत पहिल्या तारेला ३ आणि सहाव्या तारेला ४ मिलीमीटरच्या आसपास असावं.

पानवाचक

वाचनाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या मते तुमच्या प्रगतीला सगळ्यात मोठी खीळ तीच आहे. वरच्या फ्रेटवरचं वाचन मोजून होत असेल तर नवीन रचनेचा पहिला महिना नुसता उलगडण्यात जातो, संगीताचं काम सुरूच होत नाही.

पूर्ण फिंगरबोर्ड एकदम पाठ करू नका. पाचवी पोझिशन घ्या, म्हणजे पहिलं बोट पाचव्या फ्रेटवर. तिथले सूर पहिल्या तारेपासून सहाव्यापर्यंत: ए, ई, सी, जी, डी, ए. एकही शार्प-फ्लॅट नाही. हे सहा खुंटे पक्के झाले की बाकीचे सूर त्यांच्या पुढे-मागे मोजायचे. सी मेजर या पोझिशनमध्ये जवळजवळ न हलता बसतो. दोन महिन्यांनी सातवी पोझिशन: बी, एफ शार्प, डी, ए, ई, बी.

गिटारवर गोंधळ होतो तो एकच सूर अनेक ठिकाणी असल्यामुळे. मोकळ्या पहिल्या तारेचा ई दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला आहे, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या. त्यातला कुठला घ्यायचा ते नोटेशनवरच्या खुणा सांगतात: वर्तुळातला आकडा तारेचा, साधा आकडा डाव्या बोटाचा, रोमन आकडा पोझिशनचा किंवा बॅरेचा. या खुणांकडे दुर्लक्ष करून जागा ठरवली की पुढच्याच बारमध्ये हात अडकतो.

वाचनाचा सराव म्हणजे तुमच्या पातळीपेक्षा दोन पायऱ्या सोपं, न बघितलेलं पान, रोज पाच मिनिटं, अगदी संथ लयीत, आणि चुकलं तरी थांबायचं नाही. थांबलात तर ते वाचन राहत नाही, रचना बसवणं सुरू होतं. टॅबवर (तारा आणि फ्रेटचे आकडे लिहायची पद्धत) हे काम होत नाही. टॅब फ्रेट सांगतो, पण कुठला सूर किती वेळ धरायचा आणि तो वरच्या आवाजाचा की खर्जाचा, हे नोटेशनमध्येच दिसतं. तुमच्या तिसऱ्या तक्रारीचं मूळ थोडं इथेही असेल.

रचनांचा क्रम मी असा ठेवेन. ओपस ६० चे उरलेले धडे पुरे करा, सोडून देऊ नका. बरोबर जुलियानीच्या ओपस ५० मधले सोपे तुकडे. मग कारकासीच्या ओपस ६० (आकडा तोच, संग्रह वेगळा, २५ स्टडीज) मधली पहिली आणि तिसरी. पहिली सी मेजरमध्ये, स्केलच्या धावत्या तुकड्यांची, वर मंद्र यांनी सांगितलेल्या तार बदलण्यासाठी अगदी नेमकी. तिसरी ए मेजरमध्ये, आर्पेजिओच्या वर तरंगणारी चाल. यांच्या जोडीला लिओ ब्राउवरच्या २० साध्या स्टडीजपैकी पहिली. तिच्यात चाल खर्जात अंगठ्याकडे आहे आणि साथ वर, त्यामुळे अंगठ्याला पहिल्यांदाच गायला लागतं. त्यानंतर सोरच्या ओपस ३५ मधली २२ वी, बी मायनर. गिटारवादक सेगोवियाने १९४५ मध्ये छापलेल्या २० स्टडीजच्या संचात हीच ५ वी आहे. दोन आकडे बघून गोंधळू नका. त्यानंतर तार्रेगाची लाग्रिमा.

एका वेळी दोनच: एक पंधरा दिवसांत बसेल अशी, एक दीड महिना घेईल अशी.

४५ मिनिटांची वाटणी: उजवा हात ८, स्लर आणि स्केल ७, नवी स्टडी १५, जुन्या रचना १०, वाचन ५. बॅरेचे दाब-सैल नव्या स्टडीच्या मधल्या विश्रांतीत होतात, त्यांना वेगळा वेळ काढू नका. आणि नवी स्टडी नेहमी पहिल्या बारपासून सुरू करू नका. ज्या दोन बारमध्ये अडतं तिथून सुरुवात करा.

सहातारी

सगळ्यांचे आभार. करंगळी आधी ठेवून बॅरे पसरवला, सूर लगेच मोकळा आला! अजून दोन प्रश्न. मेलडी वेगळी काढायला सगळीकडे रेस्ट स्ट्रोक वापरायचा का? आणि मोकळ्या ए आणि ई तारा पुढच्या कॉर्डमध्येही घुमत राहतात, त्या कशा बंद करायच्या?

मंद्र

रेस्ट स्ट्रोक, म्हणजे छेडल्यावर बोट शेजारच्या तारेवर टेकणं, एकसुरी चालीला सुंदर. पण आर्पेजिओत अनामिका पहिल्या तारेवर वाजवून दुसऱ्या तारेवर टेकली की दुसऱ्या तारेचा सूर मरतो. त्यामुळे सगळीकडे नाही चालणार. फ्री स्ट्रोकनेच (बोट शेजारच्या तारेवर न टेकवता) फरक काढायला शिका, हा या पातळीवरचा खरा धडा आहे.

चौथी, तिसरी, दुसरी, पहिली अशा चार मोकळ्या तारा अंगठा आणि तीन बोटांनी एकदम वाजवा. चारही सारख्या. मग फक्त अनामिकेचा सूर पुढे येऊ द्या: छेडण्याआधी त्या एका बोटाने तार जास्त आत दाबायची, बाकीच्यांनी नुसता स्पर्श. जमलं की मधलं बोट पुढे, मग तर्जनी. तर्जनी सगळ्यात हट्टी असते, कारण ती मधल्या आवाजात लपलेली.

आता लाग्रिमाची सुरुवात घ्या, अजून वाजवत नसलात तरी व्यायाम म्हणून. चौथ्या तारेवर २, ४, ६ फ्रेट आणि त्याच वेळी पहिल्या तारेवर ४, ५, ७, अशा तीन जोड्या वर चढतात. प्रत्येक जोडीनंतर मोकळी दुसरी तार येते. ती मोकळी असल्याने आपोआप खणखणीत वाजते आणि चाल झाकून टाकते. तिथे तीन टप्पे करा. आधी फक्त पहिल्या तारेचे तीन सूर, ठरलेल्या बोटांनीच, एकाला दुसरा चिकटून. मग चौथी तार जोडा. शेवटी मधली मोकळी तार, पण इतकी हळू की नसल्यासारखी. ती फार झाली आहे असं वाटेपर्यंत कमी करा. वाजवणाऱ्याचा कान साउंडबोर्डच्या मागे असतो, म्हणून फोन समोर दोन मीटरवर ठेवून रेकॉर्ड करा आणि तिथून ऐका. तुम्हाला अतिशयोक्त वाटलेला फरक तिथे जेमतेम कळतो.

खर्ज बंद करण्याबद्दल: पाचव्या तारेवरून सहाव्यावर जाताना अंगठ्याने सहावी रेस्ट स्ट्रोकने वाजवा. अंगठा पाचव्या तारेवर येऊन टेकतो आणि ए आपोआप थांबतो. उलट, सहाव्यावरून पाचव्यावर गेलात तर पाचवी वाजवून झाल्यावर अंगठ्याची मागची कड सहाव्या तारेला लावून यावं लागतं. आधी ते वेगळ्या ठोक्यावर करा, मग त्याच ठोक्याच्या आत. बी मायनर स्टडीला हात घालण्याआधी हे बसवा.

नखप्रपंच

मेलडी पातळ येत असेल तर नखंही बघा. बोटाच्या मांसापुढे एक ते दीड मिलीमीटर पुरे. तार आधी मांसाला लागते, मग नखाच्या अंगठ्याकडच्या कडेवरून घसरत सुटते. ती कड सरळ उताराची हवी, खाच असेल तर तार तिथे अडकून टिक्‌ असा आवाज येतो. कानशीने आकार दिल्यावर १००० नंबरच्या किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपरने कडा काचेसारखी गुळगुळीत होईपर्यंत घासा. नख अजिबात वाढत नसेल तर मांसानेही छान वाजतं. सोर स्वतः नखांशिवाय वाजवायचा, त्याचा समकालीन आग्वादो नखांनी.

सहातारी

तारांची उंची मोजली. बाराव्या फ्रेटवर पहिली ४, सहावी ५ मिलीमीटर. मान सरळ आहे.

खर्जप्रेमी

मग दोन्ही बाजूंना बरोबर एक मिलीमीटर जास्त आहे. बाराव्या फ्रेटला १ मिलीमीटर उतरवायचं तर ब्रिजवरची पांढरी सॅडल २ मिलीमीटर कमी करावी लागते. तारा सैल करून सॅडल वर ओढून काढा, तळाला पेन्सिलने २ मिलीमीटरवर रेघ मारा. पॉलिश पेपर सपाट काचेवर चिकटवून सॅडलचा तळ त्यावर काटकोनात घासा. वरची कड घासू नका, तिचा आकार सुरांसाठी केलेला असतो. एका दमात रेघेपर्यंत जाऊ नका. एक मिलीमीटर झाला की बसवून, तारा सुरात लावून परत मोजा. तळ वाकडा झाला तर एखादी तार दबकी वाजते. आणि घासायच्या आधी बघा की २ मिलीमीटर गेल्यावरही सॅडल ब्रिजच्या वर निदान दोनेक मिलीमीटर उरते आहे ना. उरत नसेल तर हात लावू नका, गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. शक्य असेल तर जुनी तशीच ठेवून नवीन सॅडल घासा, म्हणजे जास्त उतरली आणि तार फ्रेटला लागायला लागली तरी मूळ उंची परत मिळते.